उदयपूर की म्हैसूर? : भाडे, हवा आणि सूर्यास्त यांचा हिशेब

लाभपंचमीला दुकान पुन्हा उघडते, उधारीच्या वह्या नव्याने चालू होतात आणि घरात एक जुना विषय निघतो : यंदा जायचे कोठे? छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, सराफा, राजाबाजार किंवा जाधववाडीच्या मोंढ्यातील व्यापारी जैन कुटुंबांत या प्रश्नाची उत्तरे बहुधा दोन दिशांना जातात. एक दिशा उत्तरेची. ज्यांचे आजोबा-पणजोबा मारवाड-मेवाडातून येथे आले त्यांना उदयपूर, केसरियाजी, राणकपूर ओढून घेते. दुसरी दक्षिणेची : म्हैसूर आणि तेथून श्रवणबेळगोळ. दोन्ही शहरे राजवाड्यांची, दोन्हींच्या जवळ मोठी तीर्थे आणि दोन्हीकडे मुलांना दाखविण्यासारखे पुष्कळ. त्यामुळे निर्णय शेवटी 'स्वस्त काय पडेल?' या एका प्रश्नावर येऊन ठेपतो आणि तेथेच बहुतेकांचा हिशेब अपुरा राहतो.

तिकीट आणि खोलीभाडे यांची बेरीज म्हणजे सहलीचा खर्च, असे गृहीत धरले जाते. परंतु ज्या घरात चोविहार पाळला जातो, आजी नवकारशीनंतरच पाणी घेतात आणि उकाळलेल्या पाण्याखेरीज दुसरे पाणी चालत नाही, त्या घरासाठी हवा आणि दिवसाची लांबी हीसुद्धा खर्चाचीच कलमे आहेत. उन्हामुळे दुपारचे पाच तास खोलीत काढावे लागले, तर त्या पाच तासांचेही भाडे भरलेलेच असते.

उदाहरणासाठी पाच जणांचे कुटुंब घेऊ : पती-पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या आई. आईंना गुडघ्यांचा त्रास आहे, पण बाहुबलींच्या दर्शनाची इच्छा अनेक वर्षांची आहे. असे घर या शहरात प्रत्येक गल्लीत सापडेल.

अंतर नकाशावरचे आणि अंतर रुळांवरचे

नकाशा पाहिला तर उदयपूर जवळ वाटते. रस्त्याने ते सुमारे ८०० किलोमीटर, तर म्हैसूर सुमारे १,००० किलोमीटर. गंमत अशी की दोन्ही प्रवासांची सुरुवात एकाच रस्त्यावर होते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ शहराला लागूनच जातो. उत्तरेला वळले की कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, धुळे आणि पुढे इंदूर. दक्षिणेला वळले की बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर आणि पुढे विजयपूर. उदयपूरला जाणाऱ्याने इंदूरहून रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तोडगड असा रस्ता धरावा. किंवा धुळ्याहून सुरत-अहमदाबादमार्गे जावे.

स्वतःची मोटार असेल तर इंधनातील फरक समजतो त्याहून थोडा आहे. स्थानिक फिरणे धरून उदयपूरचा प्रवास जाऊन-येऊन साधारण १,९५० किलोमीटर होतो, म्हैसूरचा साधारण २,३००. लिटरला १५ किलोमीटर धरले तर पहिल्यास १३० लिटर, दुसऱ्यास सुमारे १५३ लिटर लागतील. फरक २३ लिटरचा. शंभर रुपये लिटर धरले तरी २,३०० रुपये. पाच जणांच्या आठवडाभराच्या सहलीत एवढ्या रकमेवरून ठिकाण बदलण्याचे कारण नाही. खरा फरक मुक्कामाचा आहे. उदयपूरला पहाटे निघून रात्री उशिरा पोहोचणारे लोक आहेत. आई सोबत असताना तो आग्रह धरू नये. म्हैसूरला मात्र वाटेत एक मुक्काम अटळ आहे, म्हणजे जाताना एक आणि येताना एक अशा दोन रात्रींचे भाडे वाढते. भाड्याची गाडी घेतल्यास आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : बाहेरगावच्या गाडीला रोजचे किमान २५० ते ३०० किलोमीटर आकारण्याची पद्धत आहे. उदयपुरात दिवसभर तलावाच्या काठी बसले तरी तेवढ्या किलोमीटरचे पैसे आणि चालकाचा भत्ता द्यावाच लागतो. अशा वेळी मुक्कामाच्या शहरापर्यंत रेल्वे आणि तेथे फक्त लागेल त्या दिवशी गाडी, हा मार्ग स्वस्त पडतो.

रेल्वेने जायचे ठरविले की नकाशा बदलतो. उदयपूरसाठी आधी पश्चिमेला मुंबईकडे जावे लागते. देवगिरी, तपोवन, जनशताब्दी किंवा वंदे भारतने मुंबई गाठायची, मग वांद्रे टर्मिनसहून उदयपूरची गाडी धरायची. वांद्रे टर्मिनस हे वेगळे स्थानक असल्याने दादरला उतरून पाच जणांचे सामान आणि आई यांना टॅक्सीने तेथवर नेणे आले. म्हैसूरसाठी सोयीचा मार्ग सोलापूरचा. तेथपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर रस्त्याने आणि सोलापुरात पंढरपूर–म्हैसूर गोलगुंबज एक्सप्रेस. एकूण अंतर मोजले तर दोन्ही प्रवास जवळपास सारखेच, बाराशे-तेराशे किलोमीटरच्या घरातले निघतात. नकाशावरचे 'जवळचे उदयपूर' रुळांवर जवळचे राहत नाही.

येथे व्यापाऱ्याला आवडेल असा रेल्वेच्या भाड्याचा एक नियम आहे. अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. त्यामुळे एका लांब तिकिटापेक्षा दोन तुटक तिकिटे मिळून महाग पडतात. मुंबईला तोडून केलेला उदयपूरचा प्रवास हा फायदा गमावतो. सोलापूर ते म्हैसूर हे सलग तिकीट तो राखतो. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हेही हिशेबात धरावे. त्याआधी आईंचे तिकीट निम्म्या भाड्यात येत असे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या सहलीचा आकडा डोक्यात ठेवून अंदाज बांधला, तर तो कमीच पडणार.

सवलत गेली तरी खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा शिल्लक आहे, आणि तो पुष्कळांना नीट वापरता येत नाही. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया एकट्या, किंवा याच निकषात बसणारे दोघे, असे तिकीट काढले तर हा कोटा लागू होतो. पाचही जणांचे एकच तिकीट काढले की तो मिळत नाही आणि आईंच्या वाट्याला मधला किंवा वरचा बर्थ येऊ शकतो. म्हणून आईंचे तिकीट वेगळे काढावे आणि बाकीच्यांचे वेगळे. डबा एकच येईल याची खात्री नसते; पण गाडी सुटल्यावर कोणीतरी आनंदाने जागा बदलून देतो, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

विमानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एके काळी दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला उतरणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान होते आणि परदेशी प्रवासी त्याने वेरूळ-अजिंठ्याला येत. आज चिकलठाण्याहून निघणाऱ्याने उदयपूरसाठी मुंबई किंवा दिल्लीत विमान बदलण्याची आणि म्हैसूरसाठी बेंगळुरूच्या विमानतळावरून पुढे साडेतीन-चार तासांच्या रस्त्याची तयारी ठेवावी. पाच जणांच्या कुटुंबाला हे परवडणे अवघड.

हवेची किंमत

तिन्ही शहरे पठारावरची आहेत. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर, उदयपूर ६०० मीटरच्या आसपास, म्हैसूर सुमारे ७७० मीटर उंचीवर. उंचीत फार अंतर नसले तरी हवेत आहे, कारण उदयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि म्हैसूर त्याच्या दक्षिणेला बरेच खाली. उदयपुरात मे महिन्यात दुपारचा पारा सरासरी ३८-३९ अंशांवर असतो आणि जानेवारीच्या पहाटे तो सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. म्हैसूरला सर्वांत तापलेल्या दिवसांतही सरासरी कमाल तापमान ३४-३५ अंशांच्या पुढे सहसा जात नाही; थंडीतील किमान सोळा-सतराच्या आसपास. मे महिन्यात घरचे ४० अंश सोडून उदयपूरच्या ३९ अंशांत जाणे म्हणजे एका भट्टीतून दुसऱ्या भट्टीत जाणे. तरीही दरवर्षी अनेक कुटुंबे जातात, कारण त्या महिन्यात तेथील खोल्या स्वस्त असतात.

त्या स्वस्ताईचे कारण हवाच आहे. उदयपूरचा हंगाम साधारण ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. त्यातही दोन शिखरे असतात. एक दिवाळीचा आठवडा. गुजरातेतील व्यापारी पेढ्या दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत बंद राहतात आणि अहमदाबादहून २६० किलोमीटरवर असलेले उदयपूर त्या दिवसांत तुडुंब भरते. दुसरे शिखर नाताळ ते नववर्ष. त्याखेरीज डिसेंबरात लग्नसराईचे मोठे समारंभ असतात आणि तलावाकाठची हॉटेले त्यासाठी अख्खीच्या अख्खी घेतली जातात. म्हैसूरचे शिखर दसऱ्याचे. त्या दहा दिवसांत तेथे जाण्याचा मोह आवरावा. नाताळात बेंगळुरूची गर्दी असते, आणि मे महिन्यात उटीला जाणारे लोक वाटेत थांबतात.

खोलीचा भाव चढला की कराची पायरीही बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यावर गेले की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला. मूळ भावात २०० रुपयांचा फरक आणि पावतीवर १,१९८ चा. हंगामाच्या शिखरावर तलाव दिसणारी खोली हवी म्हणून जे भांडतात, त्यांनी एवढे गणित आधी करावे. तीर्थावरच्या धर्मशाळेत आणि भोजनशाळेत अर्थात हा प्रश्नच येत नाही. तेथे दर अल्प असतो आणि जागा मिळणे हीच मोठी गोष्ट.

आता दिवसाची लांबी. हा मुद्दा प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात कधीच नसतो. २१ डिसेंबरच्या आसपास उदयपुरात सूर्य सव्वासातला उगवतो आणि पाच-पन्नासच्या सुमारास मावळतो. म्हैसूरला त्याच दिवशी तो सहा-चाळीसच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून दोन-तीन मिनिटांनी मावळतो. दोन्हीकडच्या दिवसांत सुमारे ४८ मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे बरोबर एक मुहूर्त. नवकारशीचे अठ्ठेचाळीस मिनिट धरले तर उदयपुरात तोंडात पाण्याचा पहिला घोट आठनंतर पडतो, म्हैसूरला साडेसातच्या आत. आणि उदयपुरात संध्याकाळचे जेवण पाच-चाळीसपर्यंत उरकायचे असेल तर पाचच्या आधीच तलावाचा काठ सोडावा लागतो. पिछोल्यावरचा सूर्यास्त पाहावा की चोविहार सांभाळावा, हा पेच तेथे गेलेल्या प्रत्येक जैन कुटुंबाने अनुभवलेला आहे. शिदोरी सोबत ठेवली तरच तो सुटतो. काठावर बसूनच ठेपले आणि खाखरे खावेत, पाणी प्यावे आणि मग सूर्य मावळताना निवांत पाहावा.

मे महिन्यात चित्र उलटते. उदयपुरात सूर्य सात-दहापर्यंत असतो, म्हैसूरला सहा-चाळीसपर्यंत. कागदावर उदयपूरचा दिवस मोठा. पण साडेदहा ते पाच हा वेळ उन्हाने खाल्लेला असतो.

यावरून एक सोपा हिशेब मांडता येतो. कुटुंबाचा रोजचा खर्च समजा १२,००० रुपये आहे. डिसेंबरात उदयपुरात थंडी ओसरल्यावर, म्हणजे नऊच्या सुमारास, बाहेर पडता येते. संध्याकाळपर्यंत जेमतेम नऊ तास मिळतात. तासाला १,३३३ रुपये पडले. मे महिन्यात भाव उतरून रोजचा खर्च ९,००० वर आला असे धरू. फिरण्याजोगे तास साडेसहा. तासाला १,३८५ रुपये. तीन हजारांची सूट मिळूनही तास महागच पडला, शिवाय उन्हाचा त्रास वेगळा. म्हैसूरला डिसेंबरात सकाळी सातपासून सूर्यास्तापर्यंत अकरा तास बाहेर राहता येते. त्याच १२,००० रुपयांत तास १,०९१ ला पडला. आकडे प्रत्येकाने आपल्या घरचे घालावेत. भाजक तेवढा विसरू नये.

पावसाची बाजूही पाहिली पाहिजे. उदयपुरात पाऊस जून ते सप्टेंबरचा, आपल्यासारखाच. तलाव भरलेले, डोंगर हिरवे आणि खोल्या स्वस्त, असा तो काळ असतो. परंतु तो चातुर्मासाचा काळ आहे. पायवाटेवर जीवजंतू असतात, पर्युषण घरी आणि उपाश्रयात किंवा मंदिरात काढायचे असते, आणि पुष्कळ घरांत या चार महिन्यांत लांबच्या सहलीचा त्यागच असतो. म्हैसूरला दोन पावसाळे स्पर्श करतात आणि ऑक्टोबर हा तेथील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. म्हणून दिवाळी ऑक्टोबरात आली असेल तर म्हैसूरचा बेत पुढे ढकलणे शहाणपणाचे. मे महिन्यातही तेथे संध्याकाळी गडगडाटी सरी येतात, पण त्या हवा थंड करून जातात.

पायऱ्या, दगड आणि ताट

उदयपूरच्या आसपासची तीर्थे गुडघ्यांना सोपी आहेत. उदयपूरहून अहमदाबादच्या रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटरवर ऋषभदेव हे गाव आहे, तेच केसरियाजी. तेथील ऋषभदेवांच्या श्यामवर्ण मूर्तीपुढे श्वेतांबर, दिगंबर आणि परिसरातील भिल्ल समाज असे सारेच नतमस्तक होतात. चढ नाही, गाडी जवळ जाते. उत्तरेला नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर राणकपूर. राणा कुंभाच्या काळात धरणाशाह या श्रेष्ठीने उभारलेल्या आणि १४३९ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या या चौमुख मंदिरात १,४४४ स्तंभ असल्याचे सांगतात. सकाळ पूजेची आणि दुपारनंतरचा वेळ पर्यटकांचा अशी तेथे व्यवस्था आहे. पूजा करायची असेल तर आदल्या रात्री तेथेच मुक्काम करणे बरे. चित्तोडगड ११५ किलोमीटरवर. तेथील आदिनाथांचा कीर्तिस्तंभ राजाने नव्हे, तर जीजा नावाच्या बघेरवाल व्यापाऱ्याने उभारला, हे मुलांना आवर्जून सांगावे. विजयस्तंभाच्या गर्दीत तो नेहमी मागे पडतो.

म्हैसूरहून श्रवणबेळगोळ सुमारे ८५ किलोमीटर आहे. विंध्यगिरीवरच्या बाहुबलींच्या मूर्तीची उंची सुमारे ५७ फूट. गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने ती इसवी सन ९८१ च्या सुमारास घडविली. मूर्तीच्या पायाशी कोरलेला मराठी लेख आपल्या भाषेतील अतिप्राचीन शिलालेखांत गणला जातो. कन्नड प्रदेशात, दोन हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या क्षेत्री, देवाच्या चरणांपाशी मराठी अक्षरे वाचताना कोणाही मराठी माणसाला थांबावेसे वाटेल. संभाजीनगरकराला तर ही मूर्ती पूर्णपणे अनोळखी नसतेच : वेरुळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत, अंगावर वेली चढलेले बाहुबली त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. ती लेणी राष्ट्रकूटांच्या काळातील, आणि राष्ट्रकूटांची राजधानी कर्नाटकातल्या मान्यखेटात.

तेथे पोहोचण्यासाठी मात्र सहाशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, त्याही अनवाणी. पायऱ्या एकाच सलग खडकात कोरलेल्या आहेत. मे महिन्यात सकाळी नऊनंतर तो खडक तव्यासारखा तापतो. पायमोजे घालण्यास हरकत नसते, पण त्यांनी फार फरक पडत नाही. डोलीची सोय आहे. तिचा दर वर निघण्यापूर्वी ठरवून घ्यावा आणि डोलीवाल्याशी घासाघीस करताना तो कोणाचे वजन किती पायऱ्या वाहणार आहे हे आठवावे. डिसेंबरात याच पायऱ्या सकाळी सातला थंड असतात, वारा असतो आणि दर पन्नास पायऱ्यांवर बसत-बसत गुडघेदुखीची बाईसुद्धा दीड तासात वर जाऊ शकते. उलट राणकपूरचा संगमरवर त्याच दिवसांत पहाटे पायाला बर्फासारखा लागतो. ज्यांना पायऱ्या अशक्यच असतील त्यांच्यासाठी म्हैसूरपासून वीसेक किलोमीटरवर गोम्मटगिरी आहे. टेकडी लहान, बाहुबलींची मूर्तीही लहान, पण गर्दी नाही आणि शांतता भरपूर.

ताटाच्या बाबतीत उदयपूर निःसंशय सोपे. कांदा-लसूण आणि कंदमूळ नसलेले जेवण मागितले तर तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हैसूरला राजस्थानातून जाऊन स्थिरावलेली व्यापारी जैन कुटुंबे आहेत, त्यांची मंदिरेही आहेत आणि श्रवणबेळगोळात मठाची भोजनव्यवस्था आहे. पण शहरातील साध्या उपाहारगृहात सांबारात कांदा आणि डोशात बटाटा असतोच. इडली चालेल असे वाटते, परंतु तिचे पीठ आदल्या रात्री आंबवलेले असते. जे वासी पदार्थ टाळतात त्यांना तीही चालत नाही. अशा कुटुंबाने स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, डाळ-तांदूळ, मूग आणि लहान कुकर सोबत न्यावा. पाणी उकाळण्याची सोयही त्यातच होते. खर्चही उतरतो, आणि सून दिवसभर चुलीपाशी अडकणार नाही एवढी काळजी घरातल्या पुरुषांनी भाजी निवडून घेतली तर सहज घेता येते.

आता तारखा. दुकानदाराच्या सहलीला पंचांगाइतकेच जीएसटीचे वेळापत्रक बांधून ठेवते. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ आणि २० तारीख चुकवून चालत नाही. १५ डिसेंबरला अग्रिम आयकराचा हप्ता असतो. म्हणजे वर्षअखेरीस मोकळीक मिळते ती २१ डिसेंबरनंतर, जेव्हा मुलांनाही नाताळची थोडी सुट्टी असते. उदयपुरात हे दिवस सर्वांत महाग आणि सर्वांत थंड. म्हैसूरलाही भाव चढलेले असतात, पण हवा उत्तम असते. उदयपूरसाठी याहून बरा काळ एकच : दिवाळी नोव्हेंबरात असेल तेव्हा लाभपंचमीनंतरचे दिवस. गुजरातची गर्दी परतलेली असते, आपल्या शाळांची सुट्टी बहुधा दोन-चार दिवस उरलेली असते, दुपारी २९-३० अंश आणि पहाटे बारा-तेरा. कार्तिकी पौर्णिमेला कचनेरची यात्रा आणि शत्रुंजयाची वाट खुली होणे असते. त्याच्या आत परत येता येते. अडचण एवढीच की लाभपंचमीला उघडलेले दुकान लगेच पुन्हा बंद कोण ठेवणार. भावंडांपैकी एकाने दुकान सांभाळायचे आणि दुसऱ्याने जायचे, हे एकत्र कुटुंबात अजून जमते.

ज्या पाच जणांच्या कुटुंबाचा विचार वर केला आहे, त्यांनी यंदा म्हैसूर धरावे आणि उदयपूर पुढच्या वर्षांसाठी ठेवावे. मोटारीने गेल्यास दोन जादा रात्री आणि २३ लिटर इंधन, एवढाच तो जादा खर्च आहे. सोलापूरहून रेल्वेने गेल्यास तोही नाही. केसरियाजी आणि राणकपूर सपाटीवर आहेत. आईंना तेथे पंच्याहत्तरीतही नेता येईल. विंध्यगिरीच्या पायऱ्या त्यांना आज बसत-बसत चढता येतात; तीन वर्षांनी येतीलच असे डॉक्टरही सांगणार नाहीत. २०३० मध्ये महामस्तकाभिषेक अपेक्षित आहे, तेव्हाच जाऊ असे अनेक घरांत बोलले जाते. पण त्या महिन्यांतील गर्दीत सत्तरी-पंच्याहत्तरीच्या व्यक्तीने डोंगर चढणे ही वेगळीच परीक्षा ठरेल. मूर्ती रोज तेथेच उभी असते, आणि साध्या दिवशी चरणांपाशी हवा तितका वेळ बसता येते.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. २२ डिसेंबरला निघायचे असेल तर तो दिवस २३ ऑक्टोबर, सकाळी आठ वाजता. आईंचे तिकीट आधी काढावे, वेगळे. बाकीच्या चौघांचे त्यानंतर. परतीचेही आरक्षण त्याच आठवड्यात उघडेल, तेव्हा दोन्ही तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवाव्यात. श्रवणबेळगोळच्या धर्मशाळेला पत्र किंवा फोन याच वेळी करावा, आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी.